वरच्या रॉडखाली साधी पांढरी मासोळी : तलावांच्या गावातली रीत

वैनगंगाकाठ

आमच्या भंडारा जिल्ह्यात मासोळी म्हटलं की गंजभर (पातेलंभर) रस्सा. भाजलेला कांदा, लसूण, सढळ हातानं तिखट, वरून चिंचेचा कोळ, आणि सोबत भाताचा ढीग. तो रस्सा मला जीव की प्राण आहे. पण सकाळी जाळ्यातून निघालेली मासोळी त्याच संध्याकाळी घरात येते, तेव्हा तिची स्वतःची चव कशी असते हे पोरांना कळावं असं मला फार मनापासून वाटतं. रस्स्यात ती चव मसाल्याच्या मागे जाते. म्हणून हा धागा काढते आहे.

माझी नणंद अमेरिकेत असते. तिकडे कामावरून आल्यावरचं साधं जेवण म्हणजे कॉड, हॅडक, टिलापिया अशी पांढऱ्या मांसाची मासोळी ओव्हनमधल्या ब्रॉयलरखाली धरायची. ब्रॉयलर म्हणजे ओव्हनच्या छताला असलेली आच. ती फक्त वरून येते आणि फार कडक असते. आपल्याकडच्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, तेच काम वरचा रॉड करतो. बटणावर 'वरचा रॉड', 'खालचा रॉड', 'दोन्ही' अशी चित्रं असतात. त्यातला फक्त वरचा घ्यायचा.

मी जशी करते तशी सांगते. चार माणसांना अर्धा-पाऊण किलो बिनकाट्याचे काप, साधारण बोटभर जाडीचे. मासोळीवालीकडूनच मरळ सोलून, मधला काटा काढून, लांब पट्ट्या करून आणायच्या. घरी आल्यावर धुतल्या की स्वच्छ सुती फडक्यानं टिपून कोरड्या करायच्या. हे टिपणं मनापासून करा. ओल्या मासोळीवर आच आधी पाणी आटवण्यात खर्च होते. वरची बाजू खरपूस व्हायच्या आत आतलं मांस शिजून जातं आणि ताटात उकडलेली मासोळी येते.

अर्ध्या किलोला एक सपाट चहाचा चमचा मीठ, चिमूटभर हळद, दोन चमचे शेंगदाण्याचं तेल. बस. तिखट नाही, लसूण नाही. तिखटपूड रॉडखाली मिनिटाभरात काळी पडते आणि कडू लागते, लसणाचंही तेच. ते नंतर येतं.

ओटीजी सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवून रॉड लालभडक होऊ द्यायचा. लोखंडी तवा किंवा ओव्हनचा पत्र्याचा ट्रे आतच तापू द्यायचा. मग तव्याला तेलाचं बोट फिरवून काप मांडायचे आणि जाळी वरच्या खाचेत सरकवायची. मासोळी आणि रॉड यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. पलटायचं नाही. पातळ कापांना पलटलं की ते तुटतात, आणि खालून तापलेला तवा आपलं काम करतच असतो.

आता काचेतून बघत राहायचं. पहिली दोन मिनिटं काही होत नाही. मग कापाच्या कडा काचेसारख्या होत्या त्या दुधाळ होतात, आणि तो पांढरेपणा कडेकडून मध्याकडे सरकतो. तेल बारीक तडतडायला लागतं. कडांवर बदामी ठिपके येतात. मधोमध सुरीचं टोक घालून हलकं वळवलं की मांस पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटलं पाहिजे. सुटलं की लगेच बाहेर. कापावर पांढरे दाट थेंब जमू लागले तर समजा वेळ टळत चालली आहे. आतली प्रथिनं आवळली जाऊन तो रस बाहेर येतो.

बाहेर काढल्यावर छोट्या कढल्यात दोन चमचे तूप तापवून त्यात ठेचलेला लसूण आणि भिवापुरी मिरचीचे दोन तुकडे घालायचे. लसूण बदामी झाला की ते चरचरीत तूप मासोळीवर. वरून लिंबू आणि मूठभर बारीक चिरलेला सांबार (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी : कोथिंबीर). शेजारी गरम भात. ज्यांना मिळेल त्यांनी चिन्नोर शिजवावा. त्याच्या वासासमोर ही साधी मासोळी फार शोभते.

भेद्रे (टोमॅटो) अर्धे कापून त्याच ट्रेच्या कोपऱ्यात ठेवले तर तेही भाजून निघतात. मीठ घालून चुरले की झाली चटणी.

तुमच्याकडे कुणी अशी करतं का? कुठली मासोळी घेता?

धानबांधी

काहून बाप्पा, एवढ्या ताज्या मासोळीले ओव्हन कायले पाह्यजे? आमच्याकडं तं तलावाच्या पाळीवरच पळसाच्या पानात गुंडाळून इंगळात ठेवते. मीठ, हळद, हिरवी मिरची. पानं जळून काळी झाली का मासोळी झाली. ताई, तुमचं चुकीचं आहे असं नाही म्हणत मी. पण ज्याच्या घरी ओव्हन नाही त्यानं काय करावं तेही लिवा.

वैनगंगाकाठ

धानबांधी भाऊ, पानातली मासोळी मीही खाल्ली आहे आणि तिला तोड नाही. पण ती पानाच्या आत स्वतःच्या वाफेवर शिजते, म्हणून मऊ आणि ओली राहते. रॉडखाली वरचा पापुद्रा खरपूस आणि आतून रसदार अशा दोन्ही गोष्टी येतात. दोन वेगळे पदार्थ आहेत हे. बिनओव्हनचं कुणाला जमलं असेल तर खरंच लिहा, मलाही हवं आहे.

गोंदियाची माहेरवाशीण

मरळ आमच्याकडे महाग पडते आणि रोज मिळत नाही. रोहू-कटला मात्र कायम. तो चालेल का? घरात दोन लहान मुलं आहेत, काट्यांची धास्ती वाटते.

वैनगंगाकाठ

ताई, मुलांसाठी रोहू रॉडखाली करू नका, असं मी स्पष्टच सांगते. रोहू, कटला, मिरगल या तिघांच्याही मांसाच्या आत इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे दुबेळके बारीक काटे असतात. ते मधल्या काट्याला जोडलेले नसतात, त्यामुळे मधला काटा काढला तरी मांसात राहतातच. पाठीकडे आणि शेपटीकडे जास्त. तेलात खोल तळताना बारीक चिरा दिल्या की ते कुरकुरीत होऊन जातात. पाच-सात मिनिटांच्या वरच्या आचेत तसं होत नाही.

त्यातल्या त्यात मोठ्या कटल्याची पेटी, म्हणजे पोटाकडचा भाग, घ्या. तिथे फासळ्यांचे जाड काटे असतात, ते डोळ्यांना दिसतात आणि हातानं ओढून निघतात. दोन-अडीच किलोच्या वरचा कटला असेल तर पेटी छान जाड मिळते. बाकीचा मासा रस्स्याला.

नाहीतर चिलापी बघा. टिलापिया तीच. ती आपल्या देशात १९५२ मध्ये आली आणि आता कुठल्याही धरणात सापडते. लोक तिला हलकी समजतात, पण तिच्या मांसात असे बारीक काटे नसतात. मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक पट्टी काढली की बिनकाट्याचं मांस हातात. मुलांना वाढण्याआधी तरी बोटांनी एकदा चाचपून घ्याच.

गोंदियाची माहेरवाशीण

खूप आभार ताई. इटियाडोह धरणाची चिलापी बाजारात येते, पण मी कधी घेतली नव्हती. आता घेते.

मिशिगनमधली वहिनी

वाचून फार आनंद झाला. मी मूळची लाखनीकडची, आता मिशिगनमध्ये. आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी ब्रॉयलरखाली मासोळी असते, म्हणून थोडं इकडचं सांगते.

इथल्या ओव्हनला ब्रॉयलर वेगळा असतो, गॅसचा किंवा विजेचा, आणि ओव्हन मोठा असल्यामुळे मासोळी चार ते सहा इंच खाली ठेवतात. विजेच्या काही ओव्हनमध्ये दार थोडं उघडं ठेवायला सांगतात, कारण आतली हवा फार तापली की थर्मोस्टॅट रॉड बंद करतो. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, त्यामुळे पुस्तिका वाचणं बरं.

वेळेसाठी इथे एक जुना नियम सगळ्यांना पाठ असतो. मासोळीच्या सगळ्यात जाड भागाच्या दर इंचाला दहा मिनिटं. कॅनडाच्या मत्स्यखात्यानं तो लोकांपर्यंत पोचवला, म्हणून त्याला कॅनडाची रीत म्हणतात. अर्धा इंच म्हणजे पाच मिनिटं. मी नेहमी एक मिनिट आधीच उघडून बघते. थर्मामीटर असेल तर मधोमध ६३ अंश सेल्सियस, इथल्या भाषेत १४५ फॅरनहाइट, ही इथल्या सरकारी खात्यानं ठरवलेली मर्यादा आहे.

पांढऱ्या मासोळीत चरबी फार थोडी असते. कॉड आपली चरबी मांसात न साठवता यकृतात साठवतो. लहानपणी आपल्याला पाजायचे ते कॉड लिव्हर ऑइल त्यातलंच. मांसात चरबी नाही म्हणून ती चटकन कोरडी पडते. बांगडा किंवा सालमन दोन मिनिटं जास्त झाला तरी सांभाळून घेतो, कॉड घेत नाही. मरळ आणि चिलापी त्याच जातकुळीतल्या, तेव्हा वैनगंगाकाठ ताईंनी काचेतून बघत राहायला सांगितलं ते अगदी योग्य आहे.

रंग लवकर यावा म्हणून मी कापांवर अगदी पातळ दह्याचा किंवा सायीचा हात फिरवते. दुधातल्या घटकांमुळे बदामी रंग पटकन येतो.

सातपुड्याची सावली

वहिनी, मासोळीवर साय? आमच्या घरी हे ऐकलं तर जेवण थांबेल. मासोळी आणि दूध एकत्र खाऊ नये असं आमची आजी कायम सांगायची, त्वचेचे विकार होतात म्हणून.

मिशिगनमधली वहिनी

सातपुड्याची सावली, आजींचा शब्द मोडायला मी सांगणार नाही. चरकसंहितेतही मासा आणि दूध विरुद्ध आहार म्हणून सांगितलं आहे. दुसरीकडे बंगालात दोई माछ, म्हणजे दह्यातला मासा, घरोघरी होतो. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी साय सोडून द्यावी. तेलाच्या हातावर चिमूटभर तांदळाचं पीठ भुरभुरलं तरी छान रंग येतो.

तारतंत्री

मी वायरिंगची कामं करतो, लाखांदूर-अर्जुनी पट्ट्यात फिरणं असतं. ओटीजी घेतलेल्या घरांतून हमखास एक तक्रार येते, 'रॉड लाल होत नाही, पदार्थ पांढराच राहतो.' बहुतेक वेळा ओव्हन चांगला असतो. कमी पडतं ते व्होल्टेज.

रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १५०० वॅट देणारा रॉड १८० व्होल्टला जेमतेम ९२० वॅट देतो. म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्श्याहून थोडंच जास्त पडलं, पण आच चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाली. उन्हाळ धानाला पंप चालू असतात तेव्हा आणि संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे-पंखे लागतात तेव्हा हे होतं. केक अशा आचेवर उशिरा का होईना होतो. वरच्या रॉडखालच्या मासोळीचं तसं नाही, तिला कडकच आच लागते.

उपाय सांगतो. एक, लाईन चांगली असते ती वेळ हेरा. आमच्या भागात दुपारी चारच्या सुमारास मीटरवर २२० च्या वर दिसतं. दोन, तवा आत ठेवूनच वीस मिनिटं तापवा, म्हणजे खालून तरी पूर्ण जोर मिळेल. तीन, मासोळी रॉडच्या जवळ न्या. चार बोटांऐवजी अडीच-तीन. अंतर कमी केलं की आच झपाट्यानं वाढते. पण जाड काप असतील तर हे करू नका, वरून करपेल आणि आत कच्चं राहील.

फ्रिजचा स्टॅबिलायझर ओटीजीला लावू नका. त्याची क्षमता कमी असते, तो तापून जातो. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर आणि पातळ वायरच्या एक्स्टेंशनवर हा ओव्हन चालवू नका. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, अर्थिंगसकट, हवाच. बोर्ड हाताला गरम लागला तर तिथेच थांबा.

खर्चाचं विचाराल तर तापवण्याची दहा-पंधरा मिनिटं आणि शिजायची दहा धरली तरी अर्धा-पाऊण युनिटमध्ये काम होतं.

वैनगंगाकाठ

तारतंत्री भाऊ, हे फारच मोलाचं सांगितलंत. आमच्याकडे हिवाळ्यात मासोळी झकास व्हायची आणि मार्च-एप्रिलमध्ये फिकी पडायची. आता कारण समजलं.

एक विचारते. कधी कधी रॉड मध्येच विझतो. लाईन असते, दिवा चालू असतो, पण रॉड काळा.

तारतंत्री

तो थर्मोस्टॅट, ताई. वहिनींनी लिहिलं तेच. आतली हवा ठरवलेल्या आकड्याला पोचली की तो रॉड तोडतो. आकडा शेवटापर्यंत फिरवलेला असू द्या, २३० किंवा २५० जे असेल ते. मासोळी ठेवताना रॉड काळा दिसला तर दार अर्धा मिनिट उघडं ठेवा. हवा निवली की टक् असा आवाज येईल आणि रॉड पुन्हा लाल व्हायला लागेल. लाल झाल्यावरच मासोळी आत.

वणीची पोर

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात. इथे तलावाची मासोळी रोज नाही मिळत. तालुक्याच्या गावात बर्फाच्या पेटीतला बासा मिळतो, पांढऱ्या पट्ट्या. तो रॉडखाली ठेवला तर ट्रेमध्ये पाणीच पाणी होतं. काय करावं?

मिशिगनमधली वहिनी

बासा म्हणजे पंगस. गोठवताना त्याच्यावर बर्फाचा थर चढवलेला असतो, आणि पाणी धरून ठेवणारे क्षारही पुष्कळदा घातलेले असतात. म्हणून पाणी सुटतं. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीत ठेवून, खाली वाटी. सकाळपर्यंत बरंच पाणी गळतं. मग थोडं मीठ लावून अर्धा तास ठेवा, पुन्हा पाणी सुटेल, ते टिपून टाका. टिपताना कागदावर किंवा फडक्यात दाबा, नुसतं फिरवू नका. गरम पाण्यात घालून वितळवू नका, वरचं मांस भुसभुशीत होतं.

कोकणातला जावई

रत्नागिरीचा मी, सासर वरोऱ्याला. सासरी गेलो की नागपूरहून पापलेट मागवतात, माझा मान म्हणून. मला त्यांना हेच सांगायचं असतं की बर्फात चार-पाच दिवस काढलेल्या पापलेटपेक्षा घोडाझरी तलावाची जिवंत मरळ कितीतरी पटीनं चांगली. आणि जून-जुलैत तर यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी राज्यात बंदच असते. त्या दिवसांत मिळणारं पापलेट जुन्या साठ्यातलं किंवा दुरून आलेलं.

साध्या, बिनमसाल्याच्या प्रकारात ताजेपणाला पर्याय नाही. रस्स्यात शिळेपणा लपतो, इथे लगेच कळतो. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटानं दाबलं तर खड्डा राहू नये. मरळ तर टबात जिवंतच विकतात, त्यामुळे प्रश्नच मिटला.

धानबांधी

हाव, जावईबापू बरोबर बोलले. मरळ तं पाण्याबाहेर बी जगते बराच वेळ, वरची हवा घेते ते. म्हणून जिवंत येते बाजारात.

पण उन्हाळ्यात तलाव आटते तवा मासोळीले गाळाचा वास येते. त्याले काय करावं? रस्स्यात नाही समजत, पण तुमच्या या साध्या मासोळीत तं समजनच.

मत्स्यबीज

या प्रश्नाला मी उत्तर देतो, मी तलाव ठेक्यानं घेणाऱ्या एका सहकारी संस्थेत काम करतो.

तो वास मुख्यतः जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तोच. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि गाळातले काही जिवाणू तो तयार करतात. तलाव आटला, पाणी उथळ आणि कोमट झालं की हे शेवाळ माजतं. मासोळी कल्ल्यांतून तो पदार्थ ओढून घेते आणि तो तिच्या चरबीत साठतो. म्हणजे वास वरवर चिकटलेला नसतो, कितीही धुतलं तरी जात नाही.

जिवंत मासोळी स्वच्छ वाहत्या पाण्यात काही दिवस ठेवली की वास कमी होतो. घरी ते अवघड. घरी एवढं करा. कातडी काढून टाका. कातडीखाली बाजूच्या रेषेवर तांबूस-काळसर मांसाची पट्टी असते, ती सुरीनं खरवडून टाका, चरबी तिथेच जास्त असते. पोटातलं काळं अस्तर चोळून काढा. मग आंबट लावा. आंबटात जिओस्मिन मोडतो. ताक असेल तर वीस मिनिटं ताकात. ज्यांना ताक नको त्यांनी चिंचेचं पातळ पाणी घ्यावं. नंतर धुऊन चांगलं टिपा. लिंबाच्या नुसत्या रसात जास्त वेळ ठेवू नका, मांस आधीच पांढरं पडून खडूसारखं होतं.

आणि हिवाळ्यात, म्हणजे तलाव भरलेले असतात तेव्हा, मासोळी घ्या. तेव्हा यातलं काहीच करावं लागत नाही.

थोडं मनातलं. हे मामा तलाव, माजी मालगुजारी तलाव, गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी धानासाठी बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी (इकडची जमीनदारी) गेली, तलाव सरकारकडे आले, नाव तेवढं राहिलं. पुष्कळ तलाव आज गाळानं भरले आहेत. गाळ वाढला की पाणी उथळ होतं, आणि मग वर सांगितलं ते सगळं होतं. तलावातला गाळ निघाला तर धानाला पाणी मिळेल, ढिवर बांधवांना मासोळी जास्त मिळेल आणि आपल्या ताटातली मासोळीही गोड लागेल. ग्रामसभेत हा विषय येतो तेव्हा मासोळी खाणाऱ्यांनीही बोललं पाहिजे.

वैनगंगाकाठ

मत्स्यबीज भाऊ, शेवटचा परिच्छेद मी आमच्या बचत गटात वाचून दाखवणार आहे.

अंगणातली चूल

धानबांधी भाऊंनी सुरुवातीलाच विचारलं होतं, ओव्हन नसेल तर काय. आमच्याकडे ओटीजी नाही, पण वरून आच देणं जमतं. आई पूर्वी वर निखारे, खाली निखारे ठेवून गोड पदार्थ भाजायची. त्यातला फक्त वरचा भाग घ्यायचा.

अंगणात दोन विटा उभ्या ठेवा, मध्ये लोखंडी तवा मावेल इतक्या अंतरावर. तवा आधी चुलीवर कडक तापवून आणा आणि विटांच्या मध्ये जमिनीवर, खाली राख पसरून ठेवा. त्यावर तेल लावलेले मासोळीचे काप. आता विटांवर दुसरा जाड लोखंडी तवा आडवा ठेवा आणि त्यात बाभळीचे किंवा आंजनाचे लालबुंद निखारे भरा. वरच्या तव्याचा तळ आणि मासोळी यांत दोन-तीन बोटं अंतर हवं, तेवढ्यासाठी विटा कमी-जास्त करा. वरचा तवा आधीच निखाऱ्यांवर तापलेला असेल तर उत्तम, नाहीतर तो तापेपर्यंत खालची मासोळी नुसती कोमट होत राहते. सुपानं वारा घालत राहा. सात-आठ मिनिटांत अर्ध्या बोटाचे काप होतात. थोडी जास्त वेळ लागते, पण कोळशाचा वास लागतो तो ओव्हनमध्ये मिळणार नाही.

दोन गोष्टी. हे उघड्यावरच करा, बंद स्वयंपाकघरात निखारे धुमसत ठेवले तर विषारी वायू साठतो. आणि वरच्या तव्याऐवजी बांधकामाचं पांढऱ्या चकाकीचं घमेलं घेऊ नका. त्याच्यावर जस्ताचा थर असतो, तो तापवायचा नसतो. काळं लोखंडच घ्या.

धानबांधी

आता समजलं. तवे दोन आहेत घरी. बाभळीचा कोळसा बी आहे.

सातपुड्याची सावली

ओटीजीत तवा नको म्हणून मी केकसाठी आणलेला कागद ट्रेवर घालू का? आणि काचेचं भांडं आहे, ते चालेल का? घासायला सोपं.

मिशिगनमधली वहिनी

दोन्ही नको. बेकिंगचा कागद साधारण २२० अंशांपर्यंतच चालतो, आणि लाल रॉडच्या चार बोटं खाली त्याच्या कडा वर उचलल्या गेल्या की पेट घेतात. काचेचं भांडं थेट वरच्या आचेखाली तडकतं, विशेषतः थंड मासोळी किंवा लिंबाचा रस गरम काचेवर पडला की. नॉनस्टिकही टाळा. लोखंड, स्टील, किंवा ओव्हनबरोबर आलेला ट्रे. घासायचा कंटाळा असेल तर ट्रेवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घट्ट बसवा, कडा खाली दुमडून, आणि लिंबू मासोळी बाहेर काढल्यावरच पिळा. आंबट आणि मीठ फॉइलवर एकत्र तापलं की तिला भोकं पडतात.

जवसाचं तेलही वापरू नका, घरचं असलं तरी. ते फार कमी आचेवर धुरावतं. जवसाची चटणी करून बाजूला घ्या, ती मात्र सुरेख लागते.

गोंदियाची माहेरवाशीण

आज केली. चिलापी घेतली, मासोळीवाल्या मावशींनी पट्ट्या काढून दिल्या, काट्यांचा सांगाडा आणि डोकी वेगळी बांधून दिली. पट्ट्या पातळ होत्या, चार मिनिटांतच सुटायला लागल्या. शेपटीकडचं टोक फारच पातळ होतं, ते मी खाली दुमडून घेतलं, त्यामुळे सगळं एकसारखं झालं. धाकट्यानं तूप-लसणाशिवाय, नुसती मीठ-हळदीची खाल्ली आणि पुन्हा मागितली. सासऱ्यांनी आधी रस्सा नाही म्हणून विचारलं, मग भातावर तूप-लिंबाचा तो रस ओतून घेतला आणि दोनदा भात घेतला.

सांगाड्याचं आणि डोक्यांचं काय करू? टाकायला जीव होत नाही.

वैनगंगाकाठ

टाकू नका ताई! शेपटी दुमडण्याची युक्ती फार छान, मीही तसंच करेन.

डोक्यातले कल्ले काढून टाका, ते कडू लागतात. सांगाडा आणि डोकी धुऊन गंजात, बुडेल इतकं पाणी, कांद्याचा तुकडा, आल्याचा तुकडा. उकळी फुटली की आच बारीक करा आणि वीस-पंचवीस मिनिटांत गाळून घ्या, जास्त उकळलं तर पाणी गढूळ आणि कडसर होतं. त्याच पाण्यात उद्या सासऱ्यांसाठी रस्सा करा. आणि उरलेल्या पट्ट्या असतील तर पुन्हा रॉडखाली नेऊ नका, कोरड्या होतील. आज रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा, आणि उद्या रस्सा उकळून गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी त्यात सोडा.